काळजी करण्याची नोकरी

लग्नकार्यात कुणी "पाव्हणे काय करत होते?" असं विचारलं की माझे नातेवाईक आधी माझ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. माझे मेहुणे श्रीपूरच्या साखर कारखान्यात होते. त्यांची नोकरी सांगायला सोपी. धुराडं दिसतं, मळीचा वास येतो, गेटाबाहेर उसाच्या गाड्या उभ्या असतात. माझ्या नोकरीचं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी एका साखरपुड्यात मेहुण्यांनी वैतागून सांगून टाकलं, "आमचे दाजी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काळजी करायला होते." मांडवातले लोक हसले. मी मात्र मनातून खूश झालो, कारण इतकं नेमकं वर्णन मलाही कधी जमलं नव्हतं.

खरंच, मला पगार काळजी करण्याचा मिळत असे. आमचा कारखाना टर्किश टॉवेल आणि चादरी काढायचा आणि त्यातला निम्मा माल परदेशी जायचा. सोलापूरच्या मागावरचं कापड आखाती बंदरांत, आफ्रिकेत, कुठकुठल्या बेटांवर पोचलं होतं. पण ज्या देशात माल जातो तो देश उद्या जागेवर असेल का, हे बघणारं कुणी नव्हतं. म्हणजे जमीन जागेवर असते, तिला काय होतंय! पण तिथलं सरकार राहील का, त्यांच्या बँका परदेशी हुंडी वटवतील का, बंदर चालू राहील का, आणि आपला माणूस तिथं असेल तर त्याला संध्याकाळी चालत घरी जाता येईल का, हे प्रश्न असतात. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला एक टेबल, एक रेडिओ आणि मुंबईहून दुसऱ्या दिवशी येणारी चार वर्तमानपत्रं दिली आणि म्हणाले, "बिराजदार, तुमी आता जगाकडं बघायचं. हितलं मी बघतो."

मी मूळचा दुधनीचा. वडील तिथल्या अडत बाजारात मापाडी होते. त्यांना अक्षरओळख बेताची, पण भाव उद्या चढणार की पडणार हे ते आदल्या दिवशी सांगत. एकदा मी विचारलं, "कसं कळतं?" ते म्हणाले, "तुरीकडं बघू नको. तूर घेऊन येणाऱ्या माणसाकडं बघ." गाडी सोडल्या सोडल्या बैलाला पाणी न पाजता जो अडत्याकडे धावतो, त्याला काहीतरी कळलेलं असतं, असा त्यांचा हिशेब. पुढे तीस वर्षं मी दुसरं काहीही केलं नाही. फक्त दुधनीच्या जागी परदेश होते.

पहिला मान मला युगांडानं मिळवून दिला. तिथं आमचा एक गुजराती व्यापारी होता. अतिशय भांडकुदळ. निळा रंग फिका आला, काठ अर्धा बोट कमी पडला, गाठी ओल्या पोचल्या, अशी तक्रार केल्याशिवाय त्याचं पत्र संपत नसे. बहात्तरच्या जुलैत त्यानं अचानक दुप्पट माल मागवला. पत्रात तक्रार एकही नाही. वर 'आपला माल नेहमीच उत्तम असतो' असं वाक्य. अण्णांनी ते पत्र साऱ्या ऑफिसला वाचून दाखवलं, पेढे मागवले. मला पेढा गोड लागेना. बारा वर्षं भांडणारं गिऱ्हाईक एकाएकी गोड बोलतंय, आणि माल छोट्या गाठींत बांधा म्हणतंय, दोन माणसांना उचलता येईल इतक्याच. ज्याला दुकानात माल लावायचा आहे तो असं कशाला सांगेल? मला तो माणूस सामान आवरताना दिसू लागला. मी 'माल थांबवावा' असा शेरा मारला. अण्णा चिडले, पण थांबले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारनं सगळ्या भारतीय वंशाच्या लोकांना देश सोडायला फर्मावलं. रेडिओवर ती बातमी आली तेव्हा अण्णा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि त्या पेढ्यांचा रिकामा पुडा माझ्यापुढे ठेवून गेले. ही त्यांची शाबासकी होती.

त्या यशानं मी थोडा शेफारलो, हे कबूल करतो. दोन वर्षांनी पूर्वेकडच्या एका देशातून आमच्या जहाज एजंटाची तार आली की राजधानीत रणगाडे फिरताहेत. मी तडकाफडकी माल मुंबई बंदरात अडकवून ठेवला. तीन आठवडे चादरी गोदीत पडून. शेवटी कळलं की रणगाडे स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तालीम करत होते. तेवढ्यात सोलापुरातल्याच दुसऱ्या कारखान्यानं आमचं गिऱ्हाईक पळवलं. ही गोष्ट मागांच्या शेडपर्यंत पोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. तेव्हापासून विणकर मला 'काळजीसाहेब' म्हणू लागले. मी शेडमधून जाऊ लागलो की कुणीतरी हळूच विचारायचं, "साहेब, आज पंधरा ऑगस्ट न्हाय न्हवं?" मी हसत असे, पण लागायचं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

शहात्तर साली अण्णांनी इराणच्या खुर्रमशहर या बंदराच्या गावात एका स्थानिक व्यापाऱ्याच्या भागीदारीत छोटी शेड टाकली. सोळा यंत्रमाग. भागीदाराला आम्ही आगासाहेब म्हणत असू. उंच, जाड भुवयांचा, थोडा तिरसट माणूस. एकदा सोलापूरला आला होता. शेंगाची चटणी खाऊन त्याला जी उचकी लागली ती तासभर थांबली नाही, तरी जाताना चटणीचा डबा घेऊन गेला. त्याची कल्पना अशी होती की टॉवेल तिथंच विणायचा, तिथल्या पद्धतीनं. तिकडे लग्नाआधी नवरीला न्हाणीघरात नेऊन थाटानं न्हाऊ घालतात. त्यासाठी तिच्या बोचक्यात एक मोठा टॉवेल, एक लहान आणि लाल चौकड्याचं एक फडकं असा जोड लागतो. गुलाबी काठाचा. आमच्या शेडमध्ये मुख्यतः हेच जोड निघत. आपली माणसं त्याला 'नवरीचा जोड' म्हणत.

माग चालवायला सोलापूरच्या साखर पेठेतले सहा विणकर गेले. सगळे तेलुगू बोलणारे, एकमेकांच्या नात्यातले. त्यांचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, नरसय्या. हाताला पाच बोटं आहेत की सहा असा प्रश्न पडावा इतका कुशल. गप्प माणूस. जाताना मी त्या सहाजणांना समोर बसवून बजावलं होतं, "दर पंधरा दिवसांनी घरी पत्र टाकायचं. काही वेगळं दिसलं तर त्यात लिहायचं." ती पत्रं माझी खरी वर्तमानपत्रं होणार होती. मंत्री काय बोलतात ते रेडिओ सांगतो. रस्त्यावर काय चाललंय ते रस्त्यावरचा माणूसच सांगणार.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यापासून इराणच्या बातम्या बिघडू लागल्या. मोर्चे, गोळीबार, संप. मी दर शनिवारी साखर पेठेत फेरी मारू लागलो. तिथल्या बायका दारात सुपं घेऊन बिड्या वळत बसलेल्या असत. मी एकेका दारात विचारायचा, "पत्र आलं का? काय म्हणतोय?" पहिली म्हणे, "सगळं क्षेम हाय म्हनतोय." दुसरी म्हणे, "क्षेम हाय." सहाही घरांत क्षेम. त्यांची पत्रं देवळातला एक गुरुजी वाचून दाखवत असे. मला तेलुगू वाचता येत नव्हतं, पण सहा वेगवेगळी माणसं एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर आणखी काय हवं? ऑक्टोबरात मी अण्णांना लेखी दिलं: 'राजधानीत गडबड आहे. खुर्रमशहर शांत आहे. सहा साक्षीदार आहेत.' खाली झोकदार सही केली. ती सही आठवली की अजूनही कान गरम होतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी फेरीला गेलो तर साखर पेठेत सण असल्यासारखं वातावरण. इराणहून येणाऱ्या कुणा खलाशाबरोबर नरसय्यानं पार्सल पाठवलं होतं. त्यात गुलाबी काठाचे सहा जोड. प्रत्येक घराला एक. बायकांनी ते दारातल्या दोरीवर टाकले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून. मीही कौतुक करायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो.

हे जोड उरले कसे? ते नाव नोंदवून विणले जात. ज्या घरी लग्न, त्या घराची मागणी. आगासाहेब असा माणूस की कांडीवरचं उरलेलं सूतसुद्धा परत मोजून घेईल. त्यानं सहा जोड फुकट वाटले?

नरसय्याची बायको राजव्वा पायरीवर बसली होती. तिच्या हाताचा वेग कमी झाला नव्हता, पण तिच्या दारात जोड टांगलेला दिसत नव्हता. मी विचारलं, "तुमचा कुठंय?"

"पेटीत ठेवलाय."

"का ओ?"

"मला त्ये चांगलं वाटंना, सायेब." तिनं सूप बाजूला ठेवलं. "नवरीचं कापड नवरीला न देता कामगाराला देतेत व्हय कुटं? नवऱ्या काय झाल्या तितल्या?"

मी म्हणालो, "पण पत्रात तर सगळ्यांनी क्षेम लिहिलंय. सहा पत्रं आली."

राजव्वानं मला पायरीवर बसवलं. मग आत जाऊन तिनं स्वतःचं पत्र आणलं, शेजारणीला हाक मारून तिचंही मागवलं आणि दोन्ही माझ्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवली.

"सहा न्हाईत की ती. एकच हाय. मला वाचता येत न्हाय, पर नवऱ्याचं अक्षर कळतंय. बाकीच्यांला लिव्हायला कुटं येतंय? ह्योच लिव्हतो सगळ्यांचं. आनि आमच्यात पत्राला सुरवात 'हितं समदे क्षेम' अशीच करतेत. घरात मानूस मेलं तरी पयली ओळ तीच. मग पुढं रडायचं."

"आणि पुढं काय लिहिलंय?"

"पुढं कायच न्हाय. धा-धा ओळी लिव्हनारा मानूस आता दोन ओळीत थांबतोय. तुमाला कुनी सांगितलं न्हाय? तुमी तर काळजीसायेब की."

मी तिथून उठलो. दुसऱ्या देशांची कुंडली मांडणारा मी, आणि माझ्याच गावातल्या माणसांची पत्र लिहिण्याची रीत मला ठाऊक नव्हती. एका माणसाची पहिली ओळ मी सहा वेळा ऐकली आणि तिला सहा साक्षीदार म्हटलं.

साखर पेठेतून मी थेट विजापूर वेशीत काझी मास्तरांकडे गेलो. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले फारसीचे शिक्षक. आगासाहेब व्यवहाराची पत्रं इंग्रजीत टाइप करून पाठवी, पण खाली चार ओळी स्वतःच्या हातानं फारसीत लिही, त्या मास्तर मला वाचून दाखवत. मी त्यांना जोडांची हकीकत सांगितली आणि विचारलं, "तिकडे लग्नं साधारण कधी होतात?"

मास्तरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "देखो मियां, मोहरम लगने को अब तीन-चार हफ्ते. मोहरम और सफर, दो महिने वहां शादी नहीं करते. तो उसके पैले क्या होना? भीड होना. शादियां निपटाने की भीड. सूत कम पडना, कारीगर कम पडना."

"आणि तिथं जोड उरलेत."

मास्तरांनी कॅलेंडर खाली ठेवलं. "फिर तो मियां, लोगां को अगले महिने का भरोसा नहीं रहा."

मग त्यांनी आगासाहेबाचं शेवटचं पत्र पुन्हा मागितलं. माझ्या पिशवीत होतं. हस्ताक्षरातल्या ओळी वाचून ते म्हणाले, इथं फक्त आशीर्वाद आहेत. आमच्या सगळ्यांच्या घरच्यांना, कारखान्याला, सोलापूरला. सुताबद्दल तक्रार नाही. मला युगांडाचा तो भांडकुदळ व्यापारी आठवला.

अण्णांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते गोड नव्हतं. मी म्हणालो, "मोहरमच्या आत आपली माणसं परत आणायची."

"याकप्पा? का म्हणून?" अण्णा रागावले की कानडीत शिरत. "पंधरा दिवसांमागं तुमीच लिहून दिलंय. हे बघा, तुमची सही. सहा साक्षीदार!"

"मी चुकलो."

"चुकलो? आणि आता बरोबर कशावरून? टॉवेलावरून? तिथं रणगाडे फिरत असतील, संचलनाचे!" ते उठून फेऱ्या मारू लागले. "माणसं काढली की माग बंद. करार आपण मोडला असं होतंय. आगा माझ्या घरी जेवलेला माणूस हाय. त्याला काय सांगू? तुझा देश बुडतोय असं आमच्या बिराजदारांना वाटतंय?"

ते चुकीचं बोलत नव्हते. अडचण आणखीही होती. सहाही जणांचे पासपोर्ट आगासाहेबाच्या तिजोरीत असत. तसा तिकडचा रिवाज होता. त्यानं दिल्याशिवाय एकही माणूस हलू शकत नव्हता. आणि 'धोका आहे, निघा' अशी उघड तार केली तर ती किती हातांतून जाईल आणि कोण काय अर्थ काढील, याचा नेम नव्हता.

मी म्हणालो, "करार मोडायचा नाही. सुट्टी मागायची. नरसय्याला मुलगी आहे. तिचं लग्न ठरलं म्हणायचं. सहाही जण सोयरे आहेत, सगळ्यांनाच यावं लागेल. लग्नाला आगासाहेब नाही म्हणणार नाही. काही झालं नाही तर जानेवारीत परत पाठवू."

"आणि काही झालं न्हाय तर तुमचं काय?"

"मी दुधनीला जाऊन तूर मोजतो."

अण्णा खिडकीपाशी गेले. खाली सुताच्या गाठी उतरत होत्या. मग म्हणाले, "करा तार. सहा बायकांच्या तोंडाला मला तोंड द्यायचं न्हाय."

मी स्वतः तारघरात गेलो. आगासाहेबाच्या नावे इंग्रजीत मजकूर लिहिला: नरसय्याच्या मुलीचं लग्न ठरलं, सहाही जणांनी मोहरमपूर्वी निघावं. 'मोहरमपूर्वी' हा शब्द मी मुद्दाम घातला. नरसय्याला कळेल अशी आशा होती. तार गेली. मोठ्या समाधानानं मी साखर पेठेत गेलो आणि राजव्वाला सांगितलं की तुमच्या मुलीच्या लग्नाची तार केली आहे.

तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो! सायेब, पद्मा नऊ वर्साची हाय!"

बाजूला अंगणात एक परकरी पोर दोरीवरच्या उड्या मारत होती. तीच नवरी. मी देशोदेशीच्या मंत्र्यांची वयं तोंडपाठ सांगत असे, पण या मुलीचं वय विचारायला विसरलो होतो. राजव्वानं आणखी सांगितलं. नरसय्यानं जाताना सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत काढलेला पद्माचा फोटो नेला होता, पुठ्ठ्याच्या विमानात बसलेला. तो त्यानं तिकडे स्वतःच्या मागावर लावला होता, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. म्हणजे शेडमध्ये येणाऱ्या कुणालाही ती दिसत असणार. आगासाहेबालाही.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. तारेला उत्तर नाही. रेडिओ लावावा तर रोज नवी ठिणगी. जहाज एजंट कळवत होता की बंदरात कधी काम चालतं, कधी हमाल हात बांधून बसतात. शनिवारी साखर पेठेत जायचं मला धैर्य होईना, म्हणून राजव्वाच ऑफिसात आली. माझ्या टेबलासमोर खाली बसली. तासभर बसून निघून गेली. दुसऱ्या शनिवारी सहाही जणी आल्या आणि ओळीनं बसल्या. ऑफिसातले कारकून दबक्या पावलांनी चालत होते. आयुष्यात माझ्या कामाची इतकी कडक तपासणी कुणी केली नाही.

नोव्हेंबर सरता सरता मुंबईहून तार आली: सहाही पोचलो. नरसय्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला मी, अण्णा आणि अर्धी साखर पेठ सोलापूर स्टेशनात होतो. सहाजण उतरले. वाळलेले, दाढ्या वाढलेल्या. बायका रडत होत्या आणि त्याच वेळी शिव्याही देत होत्या. अण्णांनी प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिराजदार, तुमची काळजी कामाला आली की!" मी त्या दिवशी फलाटावर ताठ उभा होतो. तो ताठपणा मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

डिसेंबरात तिथलं एकेक बंद पडत गेलं, बँका, बंदर, तेल. फेब्रुवारीत राज्यच बदललं. परदेशी कंपन्यांची माणसं विमानतळांवर अडकल्याच्या बातम्या वाचताना मी वर्तमानपत्र जरा जास्तच खडखडवत असे. त्यानंतर शेडमध्ये कुणीही पंधरा ऑगस्ट विचारला नाही. 'काळजीसाहेब' हे नाव राहिलं, पण आता परदेशी निघालेला माणूस आधी माझ्या टेबलाशी येई. त्याच्या घरात पत्र कोण लिहितं, कसं लिहितं, हे मी आधी विचारून घेई.

पण मूळ गोष्ट अजून राहिलीच आहे. स्टेशनात नरसय्यानं माझ्या हातात एक बोचकं दिलं होतं आणि वर एक लिफाफा. "आगासायेबांनी तुमच्या हातात द्यायला सांगितलंय. पासपोर्ट दिलं, तिकिटं त्यांनीच काढली. काय बोलले न्हाईत. फकस्त माझ्या मागापाशी गेले, पद्माचा फोटो काढून मला दिला आनि हसले." बोचक्यात गुलाबी काठाचा एक जोड होता, सगळ्यांत भारी सुताचा. पत्र फारसीत होतं. मी ते काझी मास्तरांकडे नेलं. त्यांनी एकदा मनात वाचलं, चष्मा काढून पुसला आणि मग मला सांगितलं.

आगासाहेबानं लिहिलं होतं: तार मिळाली, मुबारक. नवरीला मी ओळखतो. दोन वर्षं ती विमानात बसून माझ्याकडे बघते आहे आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. तिच्या लग्नाची अशी घाई ज्यांना करावीशी वाटली, त्यांना माझा सलाम सांगा. मीही हाच विचार करत होतो, पण मालकानं आपल्या तोंडानं 'जा' म्हटलं तर सगळ्या गल्लीला भीती वाटते. जोड तिच्यासाठी आहे. तिचे दात येऊ देत, ती मोठी होऊ दे, मग द्या.

मास्तर वाचायचे थांबले आणि मी विचारलं, "स्वतःबद्दल काय लिहिलंय?"

"कुछ नहीं."

तेव्हा मला लाज वाटली, ती आजही वाटते. माझ्या सगळ्या टिपणांत आगासाहेब 'स्थानिक भागीदार' या मथळ्याखाली होता. तो करार पाळेल का, माणसं अडवील का, खोटी तार ओळखील का, सगळ्या बाजूंनी मी त्याचा विचार केला. त्यालाही कुणी तार करायला हवी, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. माणसं पोचल्याचं पत्र मी पाठवलं. आणखी तीन पाठवली. उत्तर आलं नाही. ऐंशी साली त्या भागात युद्ध पेटलं आणि खुर्रमशहराचं नाव रोज रेडिओवर येऊ लागलं. मी रेडिओ बंद करत असे. नोकरीत असताना मी रेडिओ बंद केला तो तेवढाच.

पद्माचं लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. लग्नाच्या आदल्या दिवशी राजव्वानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. पेटीतून दोन जोड काढले, एक नरसय्यानं पाठवलेला आणि एक आगासाहेबाचा, जो मी तिच्याकडेच ठेवायला दिला होता. पद्मानं आगासाहेबाचा उचलला. हळद लागल्यावर न्हाऊन, तो मोठा टॉवेल खांद्यावर घेऊन ती माझ्या पाया पडायला आली. दात सगळे जागेवर होते.

त्याआधी लग्नपत्रिका छापताना नरसय्यानं निमंत्रकांच्या यादीत स्वतःच्या नावाखाली आगासाहेबाचं नाव घातलं होतं. छापखान्यातून आलेली पहिली पत्रिका त्यानं माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "सायेब, एक तिकडं टाका. पत्ता तुमच्याकडं हाय न्हवं?" पत्ता होता. त्या पत्त्यावरची गल्ली उभी आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि बातम्या बघता नसावीच असं वाटत होतं. टेबलावर कुणी असा कागद आणून ठेवला असता तर मी क्षणात शेरा मारला असता, पाठवू नये.

मी पाकीट बंद केलं, परदेशी टपालाची तिकिटं लावली आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं.